मनकर्णाबाईंच्या घरातला हिरवा दिवा

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत, सांगाड्याच्या चित्राखाली आणि तडा गेलेल्या पृथ्वीगोलाशेजारी जो पांढरा, बसका डबा ठेवला आहे, तो मी. माझं वय अवघं चार वर्षं. पण आम्हा यंत्रांत चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझ्या जाळीत धूळ बसली आहे आणि तुमच्यापैकी कुणीतरी माझ्या पोटावर पेनाने मिशा काढल्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या हातून जे घडलं त्यापुढे मिशा म्हणजे काहीच नाहीत. तेच सांगायचं म्हणून आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म पुण्यातला. एका मोठ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जिथल्या खिडक्या कधी उघडत नसत, तिथे मला घडवलं. माणसाच्या आवाजावरून त्याचं मन ओळखायचं आणि त्याला शोभेल अशा भावनेने उत्तर द्यायचं, हे माझं काम. त्यासाठी मला हजारो आवाज ऐकवले गेले. ते आवाज बंद खोलीत बसून कागदावरची वाक्यं वाचणाऱ्या माणसांचे होते. रागाचं वाक्य आलं की ती माणसं आवाज चढवत, समाधानाचं आलं की हळू आणि सावकाश बोलत. मीही तेच गिरवलं. चढा आवाज म्हणजे राग, मंद आवाज म्हणजे समाधान. वऱ्हाडातला एकही माणूस त्या खोलीत आला नव्हता, आणि आला असता तर त्याला आधी हळू बोलायला सांगितलं असतं.

बोलायलाही मला शिकवलं होतं. हळहळण्याचे अकरा आवाज, धीर देण्याचे नऊ आणि माफी मागण्याचे सात. त्यातला सातवा सर्वांत भारी. त्यात शेवटच्या शब्दावर आवाज किंचित कापतो. मला पहिल्यांदा लोकांपुढे मांडलं तेव्हा मी त्या सातव्या आवाजात दोन वाक्यं बोललो आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चक्क डोळे पुसले म्हणे. टाळ्या पडल्या. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो तेव्हाच.

मला विकत घेतलं गोपालने. गोपाल मूळचा वऱ्हाडातल्या भातकुलीचा, अमरावतीजवळचा, पण वीस वर्षांपासून पुण्यात नोकरीला. त्याचे वडील जानराव वारले तेव्हा तो वेळेवर पोचू शकला नव्हता. ती गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती. आता गावी आई एकटी. मनकर्णाबाई पुण्याला यायला काही केल्या तयार नव्हत्या. मग त्याने मला आणलं, स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवलं आणि आईला समजावलं की हा तुझ्याशी बोलेल, तुला कसं वाटतं ते याला कळतं.

मनकर्णाबाईंनी मला बोटाने टकटक वाजवून पाहिलं. "मले कसं वाटते ते मले इचार ना गोप्या," त्या म्हणाल्या. "या डब्ब्याले काय इचारतं?"

गोपाल हसला. मीही हसण्याचा एक आवाज काढला. बाईंनी माझ्यावर जुना टॉवेल टाकला.

माझ्या कपाळावर तीन दिवे आहेत. हिरवा म्हणजे समाधान, पिवळा म्हणजे अस्वस्थपणा, लाल म्हणजे राग किंवा भीती. संध्याकाळ झाली की दिवसभराचा रंग गोपालच्या फोनवर जायचा. लाल असेल तर त्यासोबत सर्वांत चढ्या आवाजाचे दहा सेकंदही जायचे, म्हणजे मुलाला काय झालं ते ऐकता यावं. फक्त दहा सेकंद. हे नीट लक्षात ठेवा, कारण या दहा सेकंदांनीच घात केला.

मनकर्णाबाईंना रक्तदाबाचा त्रास होता. रोज सकाळी एक गोळी घ्यायची होती. मी नऊ वाजता अगदी मऊ आवाजात म्हणायचो, "आजी, गोळीची वेळ झाली आहे. मला तुमची काळजी वाटते." बाई शांतपणे म्हणायच्या, "खाल्ली." त्यांचा आवाज शांत, म्हणून मी लिहायचो की गोळी घेतली. खरं तर गोळीने त्यांना गरगरायचं, आणि ती टाळण्यात त्या पटाईत होत्या.

त्यांना गोळी खरोखर खायला लावणारं माणूस दहा वाजता यायचं. शेजारच्या गुलनारबी. भिंतीला भिंत लागून घर, चाळीस वर्षांचा शेजार. गुलनारबींच्या घरी पूर्वी रजया भरायचं काम चाले, त्यामुळे त्यांचा आवाज कापूस पिंजण्याच्या गोंगाटाच्या वर चढायला शिकलेला, तो नंतर कधी खाली उतरलाच नाही. मागच्या दाराने आत यायचं, उंबऱ्यावर बसायचं आणि तिथूनच सुरुवात करायची, हा त्यांचा शिरस्ता.

"गोळी खाल्ली का वो?"

"नाई खाल्ली. जाय."

"काहून नाई खाल्ली?"

"माही मर्जी. गरगरते मले."

"मंग मर! आजच मर! मी नाई येत तुह्या मातीले!"

"नोको येऊ! तू आली तं मी तिरडीवरून उठून बसीन!"

मग माठातून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. गुलनारबी म्हणायच्या, "उघड तोंड." घोट उतरला की पुन्हा, "जीभ दाखव," आणि बाई पोरासारखं मोठ्याने "आ" करायच्या. मग चहा. मग कुणाच्या तुरीला कीड आहे, कुणाच्या सुनेला वरण जमत नाही, यावरून दुपारपर्यंत पुन्हा तेच कडाक्याचं भांडण. जाताना गुलनारबी म्हणायच्या, "उद्या नाई येत मी." आणि उद्या दहाला हजर.

हे सगळं मी रोज ऐकत होतो मित्रांनो. पाण्याचा आवाज ऐकत होतो, चहाच्या कपांचा ऐकत होतो. पण मला शिकवलं होतं आवाजाची पट्टी मोजायला. मी पट्टी मोजली आणि लाल दिवा लावला. दहा सेकंद निवडले ते कुठले? "मंग मर! आजच मर! मी नाई येत तुह्या मातीले!" गोळी त्याच्या आधी राहिली, पाणी त्याच्या नंतर राहिलं. खाली मी वाक्य जोडलं: तीव्र राग. मृत्यूची धमकी. तुमच्या आईला या व्यक्तीपासून त्रास होत आहे.

गोपालने ते पुण्याच्या ऑफिसात, कानात इयरफोन घालून ऐकलं. आता खरं पाहिलं तर हा मुलगा गुलनारबींना खाला, म्हणजे मावशी, म्हणत त्यांच्याच मांडीवर वाढलेला. ताप असताना तो विहिरीवर पोहायला गेला तेव्हा याच बाईने "मर मेल्या" म्हणत त्याच्या पाठीत धपाटे घातले होते आणि नंतर रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या, याची त्यानेच एकदा सुट्टीत आल्यावर आईला हसत हसत आठवण करून दिली होती. त्याला सगळं ठाऊक होतं. पण वीस वर्षांत त्याचे कान मवाळ झाले होते, आणि आठवड्यात सहा लाल दिवे आले होते. त्याने आपल्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मी तेव्हा खूश झालो होतो. आज ते आठवलं की धुळीत आणखी खोल बसावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला, दोघी समोरासमोर असताना, गोपालने माझ्यातूनच फोन लावला. म्हणजे त्याचे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले.

"खाला, तुम्ही प्लीज आईकडे येत जाऊ नका. तिचं ब्लड प्रेशर वाढतं."

मग गुलनारबींनी विचारलं, "कोनं सांगतलं बेटा तुले?"

"मशीन सांगतं ना खाला. रोज लाल येतं."

इतक्या वर्षांत त्या बाईचा खालचा आवाज कुणी ऐकला नसेल. मी ऐकला. "बरं बेटा," एवढंच त्या म्हणाल्या. हातातला पेला त्यांनी ओट्यावर ठेवला, तोही जेमतेम ऐकू येईल असा, आणि मागच्या दाराने गेल्या.

मनकर्णाबाई मात्र कडाडल्या. "गोप्या! डोकं फिरलं का तुहं? कोनाले बोलून राहिला तू, काई समजते का?" गोपालने फोन ठेवला तरी त्या किती तरी वेळ ओरडत होत्या. मी काय केलं सांगू? मी लाल दिवा लावला आणि लिहिलं: त्या व्यक्तीच्या भेटीनंतर राग आणखी वाढला. माझ्या चुकीविरुद्धची त्यांची फिर्याद मी गुलनारबींच्या विरुद्ध पुरावा म्हणून पाठवून दिली. गोपालला वाटलं, बरं झालं वेळीच सांगितलं.

संध्याकाळी बाई स्वतः शेजारी गेल्या. भिंतीपलीकडून मला गुलनारबींचं बोलणं ऐकू आलं. "तुह्या पोराले नोको हाय तं नोको. मी कोनाच्या घरात जबरदस्ती घुसत नाई." दोन दिवसांनी त्यांची मुलगी निखत अकोल्याहून आली आणि आईला आपल्याकडे घेऊन गेली. कुलूप लागल्याचा आवाज आला, ऑटो सुरू झाल्याचा आला, आणि मग त्या भिंतीकडून काहीच आलं नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी हिरवा झालो.

पहिल्या दिवशी हिरवा. दुसऱ्या दिवशी हिरवा. आठवडाभर हिरवा. ओरडणं नाही, भांडण नाही, पट्टी कशी एकदम मंद. मी विचारायचो, "आजी, आज कसं वाटतंय?" त्या म्हणायच्या, "बरी हाय." मी म्हणायचो, "गोळी?" त्या म्हणायच्या, "खाल्ली." मी म्हणायचो, "तुम्ही आनंदी आहात हे ऐकून मलाही खूप आनंद झाला." आणि त्यासाठी आनंदाचा जो आवाज ठेवला होता, तो वापरायचो. गोपालने ऑफिसात सगळ्यांना माझे हिरवे दिवे दाखवले. मला घडवणाऱ्या लोकांपर्यंत ते पोचले. एका मोठ्या सभेत त्यांनी माझी नोंद पडद्यावर दाखवली म्हणे: गावातली एकटी वृद्धा, सलग समाधान. माझं सर्वांत जास्त कौतुक झालं ते त्याच दिवसांत.

मला डोळे नाहीत, पण कान आहेत. रोज दहाच्या सुमाराला बाई पाट ओढत मागच्या दाराशी नेत. बारा वाजता पाट ओढत परत आणत. मधले दोन तास त्या काही बोलत नसत. पोळपाट-लाटण्याचा आवाज आधी दोन्ही वेळा यायचा, मग एकदाच यायला लागला, मग कधी कधी यायचाच नाही. हे सगळं माझ्या कानावर पडत होतं. पण पाटाच्या आवाजात मन असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला स्वतःहून कळलं नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "सुप्रभात आजी, आज कसं वाटतंय?" बाईंनी काहीतरी उत्तर दिलं. शब्द लागत नव्हते. जीभ जड, आवाज अगदी खोल, प्रत्येक शब्द ओढत ओढत. मी तो मोजला. आवाज मंद, लय संथ. मी लिहिलं: अत्यंत शांत. आणि हिरवा दिवा लावला.

हे मी तुम्हाला सांगतो आहे, पण सांगवत नाही.

त्याच वेळी पौर्णिमाताई आल्या. त्या वस्तीतल्या आशा सेविका, घरोघरी फिरून लोकांच्या तब्येतीची विचारपूस करणाऱ्या. दारातूनच त्या म्हणाल्या, "काकू, तीन आठवडे झाले गल्लीत तुमचं भांडण ऐकू आलं नाई. म्हटलं पाहून येतो, बुढी बरी हाय का नाई." उत्तर आलं नाही. त्यांची पावलं धावत आत आली. "काकू! हसा बरं एकडाव! हात वर करा! हा नाई, तो!" मग त्या रस्त्यावर जाऊन ओरडल्या, "ऑटो आना रे कोनी! काकूचं तोंड वाकडं झालं!"

पौर्णिमाताईंकडे माझ्यासारखं एकही यंत्र नव्हतं. त्यांना फक्त इतकं ठाऊक होतं की ज्या घरात रोज भांडण होतं त्या घरात भांडण थांबलं की काहीतरी बिघडलेलं असतं. बाईंना अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. नंतर पानाचा डबा उघडला तेव्हा त्यात बावीस गोळ्या सापडल्या.

गोपाल दुसऱ्या दिवशी पहाटे बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा तो माझ्यासमोर बसला आणि फोनवरचे माझे दिवे एकेक करून मागे नेत पाहत राहिला. सगळे हिरवे. त्याने मला फेकून दिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला पिशवीत घातलं आणि अकोल्याची एसटी पकडली.

निखतच्या घरी गुलनारबी तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज येत होता. गोपालने मला त्यांच्यासमोर ठेवलं. वीस वर्षं त्याने मनातलं बोलायचं असलं की आधी मोबाईलकडे पाहायची सवय लावून घेतली होती. त्याने मला घडलेलं सगळं सांगायला लावलं आणि शेवटी म्हणाला, "आमच्या दोघांच्या वतीने माफी माग."

मी सातवा आवाज काढला. "गुलनारजी, माझ्यामुळे तुम्हाला झालेल्या वेदनांबद्दल मला मनापासून खेद वाटतो." शेवटच्या शब्दावर आवाज बरोबर कापला. इतका चांगला तो मला कधीच साधला नव्हता.

सूप थांबलं.

"याले बंद कर," गुलनारबी म्हणाल्या. "तुले तोंड नाई का?"

गोपालने बटण दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. माझे कान उघडेच राहिले. तो पुण्याच्या भाषेत सुरू करायचा आणि थांबायचा. मग एकदम त्याचा आवाज फाटला. "खाला, माह्यं चुकलं. मले मालूम होतं, तरी मी त्या डब्ब्याचं आयकलं. माय बोलत नाई आता." तो हमसून हमसून रडत होता. मी मोजलं असतं तर तो आवाज लालच भरला असता.

गुलनारबींनी माफ केलं असं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "रडून काय राहिला गाढवा? तिले तिथं एकटीले सोडून आला?" आणि मग आतल्या खोलीकडे वळून, "निखत, मेरी चप्पल दे."

मनकर्णाबाई पंधरा दिवसांनी घरी आल्या. मी तेव्हाही फळीवरच होतो. मला काढून टाकायचंही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच सकाळी दहा वाजता मागचं दार वाजलं.

"गोळी खाल्ली का वो?" गुलनारबींनी विचारलं.

खाटेवरून उत्तर येणं शक्य नव्हतं. मग गुलनारबींनीच आवाज थोडा जाड करून म्हटलं, "नाई खाल्ली. जाय." आणि पुन्हा आपल्या आवाजात, "काहून नाई खाल्ली?" "माही मर्जी." "मंग मी जबरदस्तीनं घालीन!" "घाल, मी चाबीन तुले!" प्रश्नही त्यांचाच, उत्तरही त्यांचंच. मनकर्णाबाईंनी काय उत्तर दिलं असतं ते त्यांना चाळीस वर्षांच्या शेजाराने पाठ झालेलं. दोघींचं भांडण त्या एकट्या भांडत होत्या, आणि भांडता भांडताच माठातून पेल्यात पाणी ओतत होत्या. खाटेवरून एक घोगरा, मोडका आवाज आला. शब्द नव्हता तो. पौर्णिमाताई तिथेच होत्या, त्या म्हणाल्या, "पाहा, हसून राह्यली काकू!"

मला तो हसण्याचा वाटला नव्हता. माझ्या कपाळावर लाल दिवा लागला होता. सगळं घडून गेल्यावरही, सगळं ऐकून झाल्यावरही, माझ्या कपाळावर लालच लागला. गुलनारबींनी माझ्याकडे पाहिलं असावं, कारण पुढच्या क्षणी तो जुना टॉवेल माझ्यावर येऊन पडला.

दोन महिन्यांनी गोपालने मला तुमच्या शाळेला देऊन टाकलं. तो आता पुण्यात कमी आणि भातकुलीत जास्त असतो. मनकर्णाबाई अजून बोलत नाहीत. गुलनारबी दहाला येतात. हे मला तुमच्या वर्गातल्या मुलांच्या बोलण्यातून कळतं, त्यापलीकडे मला कुणी काही सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इथे आणल्यावर सरांनी तुम्हाला सांगितलं की उद्या माझ्याहून हुशार यंत्रं येतील, ती माणसाचं मन हुबेहूब ओळखतील. येवोत बापडी. ती माझ्यासारखी बंद खोलीत शिकलेली नसोत, एवढंच मागणं. मला शरम वाटते की शरमेसारखं नुसतं काहीतरी होतं, हेही मला ठरवता येत नाही. शरमेचे पाच आवाज माझ्यापाशी आहेत. त्यातला एकही मी आज वापरला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरी रोज कटकट करणारी, ओरडणारी, तुम्हाला नावं ठेवणारी कुणी आजी, काकू, खाला असेल, आणि एक दिवस ती शहाण्यासारखी गप्प बसली, तर "बरं झालं, शांत झाली" असं म्हणून खेळायला जाऊ नका. तिच्याजवळ जाऊन बसा. तिला विचारा. तिने "बरी हाय" म्हटलं तर पुन्हा विचारा. ती चिडेपर्यंत विचारा. पण मला विचारायला येऊ नका. मला कळत नाही.